डंक घेऊ नका, डंकावर जा

(मसाले, भाजणी आणि पापडाचा व्यवसाय करणाऱ्या मिरजेच्या आमच्या सल्लागार ताई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझ्या हातचा कांदा-लसूण मसाला आमच्या गल्लीत सगळ्यांना आवडतो. आता तोच विकायचा विचार आहे. एफडी मोडून ३ लाख उभे राहतील, त्यात कांडप मशीन घेईन म्हणते. भाव किलोला ५०० रुपये ठेवला तर चालेल का? – एक वाचक, कराड

ताई, एफडी मोडायच्या आधी हे वाचा.

गल्लीत आवडतो हे चांगलंच आहे, पण शेजारीण फुकटच्या वाटीला नावं ठेवत नाही. जवळच्या बचत गटांच्या प्रदर्शनात एक टेबल घ्या आणि पाव किलोची पाकिटं पूर्ण भावाने विका. "घरचंच आहे, द्या काहीतरी" असं म्हणत सूट देऊ नका. पहिलं पाकीट लोक तुमच्या बोलण्यावर घेतात. महिन्याभरात दुसऱ्या पाकिटासाठी फोन कोणाचा येतो ते वहीत लिहा. तीच तुमची गिऱ्हाइकं, बाकीचे पाहुणे.

आता भाव. तुम्ही पत्रात मिरची, कांदा, लसूण, धने, खोबरं, खडा मसाला असा सगळा खर्च लिहिलाय, तो किलोमागे ४२० येतो. त्यावर ८० सुटतात असं तुम्ही धरलंय. पण मिरची देठासकट विकत येते. देठ खुडून, कडक उन्हात वाळवली की तिचं वजन घटतं. तळलेल्या कांद्याचं तर विचारूच नका. म्हणून आधी दहा किलो मसाला बनवा आणि खरोखर किती भरला ते वजन करून बघा. तुमचे ४२० बरोबर आहेत असं घटकाभर धरू. त्यात कांडपाचे ४०, पाकीट आणि लेबलाचे ३०, गॅसचे २०, चव दाखवायला वाटलेल्या आणि फाटलेल्या पाकिटांचे १० मिळवा. राहिली मजुरी. देठ खुडायला तुम्ही, भाजायला तुम्ही, पाकिटं भरायला तुमची मुलगी, आणि वहीत दोघींच्या नावासमोर काही नाही! किलोला ६० तरी लावा. झाले ५८०. म्हणजे ५०० ला विकताना प्रत्येक किलोमागे ८० रुपये तुम्ही गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालताय. किराणा दुकानदाराने २० टक्के मागितले तर छापील किंमत ८०० ठेवावी लागेल. त्यातले १६० त्याचे, ६४० तुमचे, आणि सुटले ६०. महाग वाटतं? मग मिरचीचं मिश्रण बदला. रंगाला ब्याडगी हवीच, पण तिखटपणा लवंगीने आला तर मिरची कमी लागते. मजुरी मात्र कापू नका. उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी पगारी बाई ठेवावी लागेल, तिला काय "घरचंच आहे" सांगणार?

मशीन अजिबात नको. कराडच्या आसपास डंकांना, म्हणजे मसाला कांडून देणाऱ्या गिरण्यांना, तोटा नाही, किलोवर कांडून मिळतं. स्वतःचा डंक म्हणजे थ्री फेज जोडणी, वेगळी खोली, आणि भर उन्हाळ्यात शेजाऱ्यांचं ठसकणं. शिवाय तो चालणार दोन-तीन महिने. उरलेलं वर्ष त्यावर चादर.

तुमचा पैसा खरा लागणार आहे मिरचीत. नवी मिरची आणि कडक ऊन यांचा मेळ फेब्रुवारी ते मे एवढाच, आणि मसाला खपणार वर्षभर. म्हणजे उन्हाळ्यात घातलेले पैसे थेंबाथेंबाने दिवाळीपर्यंत परत येतात. म्हणून पहिल्या वर्षी एक लाखाच्या वर जाऊ नका. उरलेली एफडी तशीच राहू द्या.

कागदपत्रं : अन्नसुरक्षेची नोंदणी आधी. आपल्यासारख्या लहानांना ती पुरते, मोठा परवाना लागत नाही. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, बॅच, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि हिरवा ठिपका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. हजार-दोन हजार मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. माल राज्यातच विकत असाल आणि वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण बेळगावच्या दुकानदाराला माल पाठवलात की तो कर्नाटकात गेला, तिथे ही सवलत चालत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे पटतच नाही, कारण बेळगाव आपल्याला परकं वाटत नाही.

प्रश्न : शाळेचे गणवेश शिवायचं युनिट टाकतोय, चार शिलाई मशिनं घेतली आहेत. एक व्यापारी वर्षभराचं काम द्यायला तयार आहे, पण पैसे ९० दिवसांनी देणार म्हणतो. घेऊ का? – सोलापूर

दादा, दरमहा लाखाचा माल दिलात तर पहिला रुपया हातात येईपर्यंत तुमचे तीन लाख त्याच्याकडे. कापडवाला आणि कारागीर मात्र तुमच्यासाठी ९० दिवस थांबणार नाहीत.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवसच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्याला तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येतो, आणि मार्च जवळ आला की ही गोष्ट त्याच्या सीएलाच जास्त बोचते. मात्र माल देण्याआधी तुमची उद्यम नोंदणी झालेली हवी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर हवा.

पण एकुलत्या एका गिऱ्हाइकावर तक्रार करून तुम्ही पुढच्या जूनमध्ये काय शिवणार? मी तुमच्या जागी असते तर त्याला म्हटलं असतं, कापड तुमचं, मी फक्त शिलाईची मजुरी घेते, आणि ती दर शनिवारी. नफा कमी दिसेल, पण तुमचे पैसे अडकणार नाहीत. कापड स्वतःचं घालायचा विचार दुसऱ्या हंगामात करा, तोवर दोन-तीन शाळा थेट गाठा.

प्रश्न : मुद्रा कर्जाला तारण लागत नाही म्हणे. चहा-कॅफेसाठी १० लाख काढून दणक्यात सुरुवात करावी का? – लातूर

तारण लागत नाही, पण फेडावं लागतं. बरेच जण पहिलंच वाक्य ऐकून येतात. ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला पावणेबावीस हजारांच्या आसपास बसतो. कपामागे ५ रुपये सुटले तर रोज १४५ कप फक्त बँकेसाठी. भाडं, दूध, पोऱ्याचा पगार त्यानंतर. मुद्रात ५० हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्जही आहे. एका गाड्याला तेवढं पुरतं. दणका नंतर द्या.

प्रश्न : दुकानाचं नाव इंग्रजी ठेवलं तर गिऱ्हाईक जास्त येतं का? – ठाणे

माझ्या पाहण्यात तरी नाही. नाव कुठलंही ठेवा, फक्त ते दुसऱ्याने ट्रेडमार्क केलेलं नाही ना, हे ऑनलाइन शोधून बघा. पाटी मात्र मराठीत, देवनागरीत लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही हा नियम लागू आहे, आणि मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान चालत नाहीत. रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा.