वर्दी नाही, ऑडिट आडवं येईल

प्रश्न: मी सांगलीत सीएची प्रॅक्टिस करतो आणि टेरिटोरियल आर्मीत (टीए, म्हणजे आपला व्यवसाय सांभाळून करायची लष्करी सेवा) कॅप्टन आहे. एका पक्षाने लोकसभेसाठी विचारलं आहे. मित्र म्हणतात, टीएचा पगार घेतोस म्हणजे लाभाचं पद झालं, आधी राजीनामा दे. मला टीए सोडायची नाही. माझी फर्म एका सरकारी कंपनीचं ऑडिटही करते. अर्ज बाद होईल का?

उत्तर: टीएचा राजीनामा देऊ नका. सरकारच्या हाताखाली लाभाचं पद असलेल्याला संविधानाच्या अनुच्छेद 102 नुसार खासदार होता येत नाही, हे खरं. पण कोणती पदं वगळायची हे ठरवायचा अधिकार तोच अनुच्छेद संसदेला देतो, आणि 1959 च्या संसद (अनर्हता प्रतिबंध) कायद्याच्या कलम 3 मध्ये टीएतलं पद स्पष्ट वगळलेलं आहे. सचिन पायलट 2012 मध्ये आणि अनुराग ठाकूर 2016 मध्ये टीएत अधिकारी झाले, तेव्हा दोघंही खासदार होते.

मला काळजी वाटते ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या ऑडिटची. 1962 मध्ये गुरुगोविंद बसू बर्दवानमधून लोकसभेवर निवडून आले. तेही चार्टर्ड अकाउंटंट. त्यांची फर्म दुर्गापूर प्रोजेक्ट्स आणि हिंदुस्तान स्टील या सरकारी मालकीच्या कंपन्यांचं ऑडिट करत होती. फी कंपनी देते, सरकार नाही, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. नेमणारं आणि काढू शकणारं सरकार, म्हणून ते लाभाचं पद ठरलं आणि खासदारकी गेली.

आज सरकारी कंपनीचा ऑडिटर कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक, नेमतात. नेमणुकीचं पत्र काढून बघा. ते कॅगचं असेल, तर ‘सही दुसरा पार्टनर करतो’ यावर विसंबू नका. बसूही भागीदारच होते. ‘यंदाची फी घेतलीच नाही’ हेही चालणार नाही. लाभ मिळण्याजोगं पद असलं की पुरे, हे 2006 च्या जया बच्चन प्रकरणात ठरलं आहे. पात्रता पाहतात ती छाननीच्या दिवशी. माझं मत, फर्मने अर्ज भरण्याआधीच ऑडिट सोडावं, एडीटी-3 हा ऑडिटरच्या राजीनाम्याचा फॉर्म भरावा, कॅगला कळवावं आणि पोच जपून ठेवावी. निवडणूक अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटलात, तरी निकालानंतर 45 दिवसांत हरलेला उमेदवार उच्च न्यायालयात जाऊ शकतो.

टीएबाबत जपायचं ते वेगळंच. ट्रेनिंगला किंवा ड्युटीवर असताना तुम्हाला आर्मी ॲक्ट लागू होतो, आणि आर्मी रूल्सचा नियम 20 उमेदवारी जाहीर करायला, इतकंच काय, जाहीर होऊ द्यायलाही मनाई करतो. तुम्ही कॅम्पात आणि गावच्या चौकात तुमच्या वाढदिवसाचा ‘भावी खासदार’ असा फ्लेक्स, हे होऊ देऊ नका. कार्यकर्त्यांना आत्ताच बजावा. प्रचारात जवानांचे फोटो वापरू नयेत, असं निवडणूक आयोगाने 2019 मध्ये पक्षांना पुन्हा बजावलं होतं. तुमचा वर्दीतला फोटोही पत्रकावर नको. हुद्दा छापायचा तर आधी युनिटला लेखी विचारा.

सीए इन्स्टिट्यूटची अडचण नाही. प्रॅक्टिस करणाऱ्या सदस्याला खासदारकीसाठी सर्वसाधारण परवानगी आहे. फर्मचं नाव मात्र प्रचारात कुठेही येऊ देऊ नका.

पक्षाला होकार कळवण्याआधी भागीदारांशी बोला. ऑडिट सोडायचा निर्णय फर्मचा आहे, आणि ते तयार नसतील तर तुम्हालाच भागीदारीतून बाहेर पडावं लागेल.