पेनच्या टोकाला सिलिकॉनची टोपी

टॅबलेटच्या काचेवर शिरोरेखा ओढताना डिजिटल पेन घसरतंय म्हणालीस, तर सिलिकॉनची टोपी जरूर घाल. पकड येते, टकटक आवाजही कमी होतो. मात्र पातळच घे. जाड टोपीत हलका दाब पोचत नाही, बारीक वेलांटी मधेच तुटते. काचेवर खरखरीत मॅट फिल्म लावली असशील तर टोपी नकोच, हात जड होतो.

खरी काळजी धुळीची. आपल्या बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती उन्हाळ्यात कुठंही शिरते. तिचा कण सिलिकॉनमध्ये रुतला की काचेवर ओरखडा पडलाच म्हणून समज. रोज टोपी काढून ओल्या फडक्यानं पूस, पूर्ण वाळल्यावरच घाल. झिजून आतलं टोक दिसायला लागलं की लगेच बदल. ॲपल पेन्सिल, म्हणजे आयपॅडचं पेन असेल तर तिचं टोक फिरवून बसवायचं असतंय. टोपी ओढून काढताना ते सैल झालं नाही ना, तेवढं बघत जा की.