दुपारीच रिस्टार्ट होणारा संगणक

प्रश्न : केळीच्या व्यवहाराचे हिशेब ठेवण्यासाठी घरी सहा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप आहे, यूपीएसही तेव्हाचाच आहे. मार्च संपल्यापासून काम चालू असताना संगणक अचानक बंद पडून लगेच आपोआप सुरू होतो. पडद्यावर कोणताही संदेश येत नाही. हे बहुतेक दुपारीच घडते. रात्री तीन-तीन तास तो व्यवस्थित चालतो. दुरुस्ती करणाऱ्याने विंडोज नव्याने टाकून दिली, तरी फरक पडला नाही. खोलीवर पत्रे असल्याने कूलर संगणकासमोरच ठेवला आहे. काय करावे?
— एक वाचक, सावदा (जि. जळगाव)

उत्तर : विंडोज नव्याने टाकूनही दोष तसाच राहिला, त्याअर्थी तो बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नाही, आणि तो दुपारी येतो, रात्री येत नाही, त्यामुळे उष्णता आणि वीजपुरवठा या दोन्हींकडे पाहावे लागेल. (संगणकाला काहीही झाले तरी ‘आधी फॉरमॅट मारून पाहू’ म्हणण्याची पद्धत आता सोडायला हवी.)

विंडोजचा संशय पूर्ण फिटावा म्हणून संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, संगणकाच्या मूळ सेटिंग्जच्या पडद्यावर) जा आणि भर दुपारी तो अर्धा तास तसाच राहू द्या. तेथेही तो रिस्टार्ट झाला, तर विंडोजचा संबंध उरत नाही. झाला नाही, तर विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधील ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ या पर्यायाची खूण काढा. त्यानंतर निळा पडदा येऊन थांबला, तर त्यावरील कोड टिपून ठेवा. विंडोजमधील घडामोडींची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली तर घाबरू नये. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही.

बायॉसमध्ये बहुधा प्रोसेसरचे तापमानही दिसते. मात्र प्रोसेसर फार तापला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले तर संगणक सहसा पूर्ण बंद होतो. आपला संगणक लगेच पुन्हा सुरू होतो, म्हणून माझा पहिला संशय विजेवर, आणि खरे सांगायचे तर त्या कूलरवर आहे. कूलर आणि यूपीएस एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील, तर मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जाते. त्या क्षणी यूपीएसच्या बॅटरीने भार उचलायचा असतो. पण १२ व्होल्टची ही लेड-ॲसिड बॅटरी साधारण दोन-तीन वर्षेच साथ देते, आणि पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात तर त्याहून कमी. सहा वर्षांत ती बदलली नसेल, तर यूपीएस केवळ नावापुरता उरला आहे.

याची परीक्षा सोपी आहे. संगणक बायॉसच्या पडद्यावर असताना यूपीएसची पिन भिंतीतून काढा. संगणक तत्काळ बंद पडला, तर बॅटरी बदला. कूलर वेगळ्या सॉकेटवर घ्या आणि त्याचे तोंड संगणकाकडून वळवा. दमट हवेने आतल्या धुळीचा थर चिकटून बसतो आणि पंख्याखालच्या जाळीतून हवा जाईनाशी होते. धूळ काढताना पिन काढून, पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने साफ करा. रॅमच्या पट्ट्याही एकदा काढून घट्ट बसवाव्यात.

एवढे करूनही दोष राहिला, तर एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या डब्यातील वीज पुरवणारा भाग, संशयित ठरतो. त्यातील कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) उष्णतेने लवकर म्हातारे होतात आणि तापल्यावर भार पेलत नाहीत. बायॉसमध्ये १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ यांच्या बाहेर दिसली, तर शंका बळावते. तरी ओळखीच्या दुकानातून तेवढ्याच वॅटचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणे अधिक भरवशाचे. जुना मात्र घरी उघडू नये, कारण पिन काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतकी वीज साठून राहू शकते. दोष सापडेपर्यंत हिशेबाची फाइल रोज रात्री पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.