१८६८ साली इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासी क्रिकेट संघावर कादंबरी लिहायची आहे, सुरुवात कुठून करू?

लॉर्ड्सपासून तर नकोच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या पश्चिम भागातल्या मेंढ्यांच्या कुरणांपासून करा, यातले बहुतेक जण तिथेच राबायचे. जॉनी मुल्लाघने दौऱ्यात १,६९८ धावा काढल्या, २४५ बळी घेतले, पण आकडे कुठेही मिळतील. मला विचाराल तर खरा मसाला सामन्यानंतरच्या खेळांत आहे. संघातला डिक-ए-डिक अरुंद ढाल आणि लाकडी सोटा घेऊन उभा राहायचा, प्रेक्षक त्याच्यावर चेंडू फेकायचे आणि तो एकेक चुकवायचा. हे त्याच्या नजरेतून लिहा, गर्दीच्या नव्हे. त्याचा संघातला सोबती किंग कोल तर दौऱ्यातच लंडनमध्ये वारला. तेव्हाची वर्तमानपत्रं जपून वापरा, लिहिणारे सगळे गोरे (आणि बऱ्यापैकी उर्मट). व्हिक्टोरियाचा १८६९ चा कायदा मात्र वाचाच. आदिवासींनी कुठे राहायचं हे त्यानंतर सरकार ठरवू लागलं.