‘कोसला’ अर्धी सोडली तर चालतं का?

प्रश्न: नमस्कार, फोंड्याहून लिहितेय. रिटायर झाल्यापासून महिन्यातून दोनदा कदंबा बस पकडून पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाते, पुस्तकं आणते आणि आमच्या वाचन ग्रुपमध्ये जे वाटतं ते बोलते, त्यामुळे हल्ली माझ्याशी कोण धड बोलत नाही. तर ऐका. नेमाड्यांची ‘कोसला’ तीनदा सुरू केली, तिन्ही वेळा त्यातल्या हॉस्टेलाच्या भागातच अडकले, ते उदाहरणार्थ नि वगैरे ऐकून डोकं उठतं. ‘ययाति’ सोळाव्या वर्षी वाचून शर्मिष्ठेसाठी रडले होते, परवा परत वाचली तर त्या राजाचा नुसता संताप, पोराकडे तारुण्य मागतो म्हणजे काय! ‘रणांगण’ मात्र एका बैठकीत. नंदा खऱ्यांचं ‘उद्या’, ते माणसांवर पाळत ठेवणाऱ्या येत्या काळाचं, वाचून रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून आले. माझं काही चुकतंय का? आणि ‘कार्मेलिन’ कोकणीतून वाचू की मराठी अनुवाद शोधू?

उत्तर: ताई, चुकत काही नाही, ‘कोसला’ आवडत नाही असं ग्रुपमध्ये बोललात हेच मोठं धाडस. १९६३ची कादंबरी, पंचवीस वर्षांच्या पोराचा कंटाळा आहे तो, मग वाचणाऱ्याला येणारच की. पण तुम्ही हॉस्टेलात थांबलात तिथंच घोटाळा झाला. पुढं मनी, त्या पोराची धाकटी बहीण, वारते, आणि तोवर ज्या वगैरे-वगैरेनं तुमचं डोकं उठवलं ना, त्या बोलण्यामागं हा पोरगा काय लपवत होता ते तिथं कळतं, चेष्टा करून रडू दाबणारी अशी मुलं आपल्या घरात पण असतात. चौथ्यांदा घेतलीत तर मनीपर्यंत जा. नंतर खाली ठेवलीत तरी मी काही म्हणणार नाही.

ययातीचा संताप बरोबरच आहे, खांडेकरांनीही तो सुखामागं पळणाऱ्या माणसाचा नमुना म्हणूनच रंगवलाय. (खांडेकर बरीच वर्षं शिरोड्याला मास्तर होते, तुमच्या फोंड्याजवळचं नव्हे हं, वेंगुर्ल्याकडचं.) १९५९च्या या पुस्तकामुळंच मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं, तरी त्यातल्या उपमांनी मला आता धाप लागते. पण त्यात ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात ना, सोळाव्या वर्षी आपण शर्मिष्ठेचीच ऐकतो. आता एकदा फक्त देवयानीची पानं वाचून बघा, ती वाटते तितकी आगाऊ नाही.

‘रणांगण’बद्दल मात्र भांडतो. एका बैठकीत वाचलंत म्हणजे चक्रधर आणि हेर्टाच्या मागं धावलात, बोटीवरची बाकीची माणसं, ते जर्मनीतून हाकललेले ज्यू आणि त्यांच्याकडे बघणारे आपले लोक, ते राहिलेच. बेडेकरांनी १९३९ साली लिहिलंय हे, महायुद्ध अगदी दारात असताना. बारीकसं पुस्तक आहे, परत घ्या, सावकाश.

‘उद्या’ला साहित्य अकादमी मिळालं तेव्हा खऱ्यांनी ते नाकारलं होतं, हे ग्रुपमध्ये सांगा, नवीन वाद सुरू होईल.

आणि ‘कार्मेलिन’? कोकणीतूनच, प्रश्न कसला! मावजोंची ही बाई कुवेतला आया म्हणून जाते, अशी घरं आपल्याकडं किती. बाजारात बांगड्याचा भाव कोकणीत करता, लिपी देवनागरी, मग अडतंय कुठं? पहिली वीसेक पानं मोठ्यानं वाचा, दुपारी, घरात कोण नसताना.