मुलाचे मार्क वाढले तर तोंडावर कौतुक करावं का, की तो शेफारेल?

करा, बिनधास्त करा. 'शेफारेल' वाचलं आणि राहवलं नाही. माझा थोरला भाऊ हाच शब्द गेली कित्येक वर्षं मला ऐकवतोय.

ताई, तुमचा मुलगा ४५ टक्क्यांवरून ६२ वर आलाय आणि सासरे विचारतात, ६२ मध्ये कौतुक करण्यासारखं काय आहे. आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

मुलगी सहावीत होती. अपूर्णांक म्हटले की हातपाय गाळायची. बेरजेत सरळ अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायची. १/२ + १/३ = २/५. वहीवर लाल फुली यायची, आम्ही 'आधी छेद समान कर' म्हणायचो, ती तेवढ्यापुरते करायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा २/५. एका रात्री वही घेऊन माझ्यापुढे उभी. "बाबा, अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल? दोन छेद पाच तर अर्ध्याहून लहान आहे!"

हे तिला कोणी सुचवलेलं नव्हतं. स्वतःच्याच उत्तराची उलटतपासणी तिनं घेतली होती. मग सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या कापून घड्या घालत बसली. एका पट्टीचे दोन भाग, दुसरीचे तीन. दोन्ही एकाच मापानं मोजता येईनात, म्हणून दोन्हींवर सहा-सहा भाग पाडले. तीन भाग इकडचे, दोन तिकडचे, पाच छेद सहा. छेद समान का करायचे हे तिला तेव्हा कळलं. यात माझं श्रेय एवढंच की मी कात्री शोधून दिली.

त्या परीक्षेत तिला ५० पैकी ३१ मिळाले, आधीच्या वेळी १७ होते. मी सगळ्यांसमोर कौतुकानं सांगितलं. दादा म्हणाला, "एकतीसचं कसलं रे कौतुक? मार्क नसले की लोक मेहनतीचं कौतुक करतात." पोरगी तिथेच उभी होती. त्याच्या मुलाला त्या वर्षी ४६ होते, हेही लगेच कळवण्यात आलं.

तर दादा आणि तुमचे सासरे, दोघांसाठी एक माहिती. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेल्या मुलांचा उत्साह लवकर गळाला, त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही ती मागे पडली, आणि आपले मार्क वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. मग शेफारलं कोण? दादाच्या घरी 'आमचा मुळातच हुशार' हा जप चालतो आणि अवघड गणित आलं की पोरगा 'हे सिलॅबसमध्ये नाही' म्हणून वही मिटतो. मी तिथे काही बोलत नाही. इथे बोललो.

अर्थात कौतुकानं मार्क वाढतील या आशेवर राहू नका. मेहनतीनं बुद्धी वाढते असं मानणं आणि मार्क यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१८ मध्ये तपासला गेला, तो सरासरीनं किरकोळच निघाला. मी मार्कांसाठी कौतुक करत नव्हतोच. शिवाय 'वा, अफाट!' असलं फुगवलेलं काही नको, मुलांना खोटं लगेच कळतं. नेमकं काय आवडलं ते सांगा. आणि मेहनत करूनही तेच तेच चुकत असेल तर पद्धत बदला. आकड्यांशी कायमचाच झगडा असेल तर डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातली विशिष्ट अडचण, आहे का ते तपासून घ्या, तिथे शाबासकीनं भागत नाही.

नातेवाइकांच्या ग्रुपवर मार्क टाकायचे असतील तर आधी मुलाला विचारा. माझ्या मुलीनं साफ नाही म्हटलं होतं.

सासऱ्यांशी वाद घालत बसू नका. ४५ चे ६२ कसे झाले ते मुलालाच वही घेऊन त्यांना समजावू दे. आमच्या दादानं ती वही कधी हातात घेतली नाही. तुमचे सासरे कदाचित घेतील.