फॉरमॅट मारायच्या आधी ती काळी खिडकी उघडा

प्रश्न: वाळपईत माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना, विंडोज सेव्हनवाला. पावसात लाईट सारखी जाते-येते, गेल्या आठवड्यात दोनदा चालू कामातच बंद पडला आणि तेव्हापासून मधेच कुठलीतरी डीएलएल फाईल (प्रोग्राम चालायला लागते ती) सापडत नाही म्हणतो. रिपेरवाला म्हणतो फॉरमॅटच मारावा लागेल. चवथ तोंडावर आलीय हो, सगळी डिझाइनं त्यातच आहेत. एसएफसी कमांडने काम होतं असं ऐकलं, करू का?

उत्तर: करा की. पण आज नाही, आधी डिझाइनं पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या, कारण झटकन लाईट गेल्यावर फायलीच बिघडल्यात की डिस्कच खराब होत आलीय हे बाहेरून कळत नाही, आणि डिस्क मरायला टेकलेली असेल तर तासभर स्कॅन चालवणं म्हणजे तापातल्या माणसाला घाट चढायला लावणं.

मग स्टार्टमधे सीएमडी टाइप करा, वर जे नाव येईल त्यावर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, की कमांड टाइप करायची ती काळी खिडकी उघडते. हे विसरलात तर कमांड चालतच नाही, निम्मे लोक इथेच अडकतात. आधी सीएचकेडीएसके, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एफ (सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं बरं का). ड्राइव्ह वापरात आहे म्हणेल, वाय दाबा आणि रीस्टार्ट करा, डिस्क तपासूनच विंडोज चालू होईल. मग परत तशीच खिडकी उघडून एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ (scannow, एकच शब्द). ही कमांड विंडोजच्या स्वतःच्या फायली एकेक तपासते आणि बिघडलेल्या फाईलच्या जागी विनएसएक्सएस फोल्डरात ठेवलेली चांगली कॉपी आणून बसवते. जुन्या मशीनवर अर्धा-पाऊण तास सहज जातो, टक्के एकाच आकड्यावर थांबले म्हणून खिडकी बंद करू नका, चहा पिऊन या. आणि हो, यूपीएस नसेल तर पाऊस उघडलेला बघूनच बसा, मधेच लाईट गेली तर परत पहिल्यापासून.

काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत असं आलं तर ती विनएसएक्सएसमधली कॉपीसुद्धा बिघडलेली असणार. मोबाईलवर शोधलंत तर सगळे डिझम (DISM) या दुसऱ्या दुरुस्ती कमांडची रिस्टोअरहेल्थ चालवा सांगतील, पण ती सोय विंडोज ८ पासूनची, सेव्हनवर नुसता एरर येईल. तुमच्याकडे त्याच व्हर्जनची डीव्हीडी असेल तर ती विंडोज चालू असतानाच घाला आणि अपग्रेड निवडा, विंडोज नव्याने बसतं पण तुमच्या फायली आणि प्रोग्राम राहतात. सर्व्हिस पॅक वन (सेव्हनचं मोठं अपडेट) तुमच्या मशीनवर असेल तर डीव्हीडीही त्याचीच हवी, नाहीतर अपग्रेड नाकारतं.

आणि एक, सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत. डिझाइन करा, प्रिंटा मारा, पण गिऱ्हाइकाचं बँकेचं काम त्यावर नको.